बिनकामाचा मासा

जगातला सर्वांत बिनकामाचा मासा कोणता, असे भिगवणच्या बाजारात विचारले तर प्रत्येक आडत्या वेगळे नाव घेईल. कुणी काट्यांचा सांगेल, कुणी चिखलाचा वास मारणारा सांगेल. आमच्या घरात मात्र या प्रश्नाचे उत्तर गेली काही वर्षे एकच आहे. मॅजिकार्प. हा मासा भीमेत सापडत नाही, नीरेत नाही, समुद्रातही नाही. तो सापडतो पोकेमॉन नावाच्या खेळात.

ज्यांच्या घरात अलीकडच्या पंचवीस वर्षांत पोर वाढलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये तळहाताएवढ्या यंत्रावर खेळायचा हा खेळ बाजारात आला. त्यात चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे, त्यांचे रूप पालटले की खूश व्हायचे आणि मग दुसऱ्यांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची. पहिल्या खेळात असे १५१ प्राणी होते. त्यातलाच हा तांबडा, बटबटीत डोळ्यांचा, मिशाळ मासा. एका डोंगराच्या अलीकडे एक गोडबोल्या विक्रेता तो पाचशेला गळ्यात मारतो. पैसे दिल्यावर कळते, की या माशाला एकच विद्या येते, उड्या मारण्याची. झुंजीत त्याला पुढे केले की तो तडफडत उडी मारतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात, की काहीही झाले नाही. पंधराव्या पातळीला तो साधी धडक मारायला शिकतो, तीही यथातथाच.

पण जो चिकाटी धरतो, त्याच्यासाठी विसाव्या पातळीला गंमत आहे. मासा थरथरतो, पांढरा होतो आणि त्याचा साडेसहा मीटर लांबीचा, जबडा वासलेला, निळा नागासारखा ग्यारडोस होतो. मग त्याच्यासमोर उभे राहायची भल्याभल्यांची छाती होत नाही.

यामागे जुनी चिनी कथा आहे. पीत नदीच्या धबधब्यावरून जो कार्प मासा प्रवाहाविरुद्ध उडी मारून वर जाईल तो ड्रॅगन होतो, अशी ती कथा. ती जपानात गेली आणि आजही तिथे ५ मे रोजी मुलांच्या सणाला घरांवर कापडी कार्प मासे फडकवतात. आपल्याकडे मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा आधी भांड्यात, मग तळ्यात, मग नदीत आणि शेवटी समुद्रातही मावेना. मासा वाढतो याचे नवल माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले आहे.

खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढला. लहानपणी त्याला किडे जमवण्याचा नाद होता. शेते गेली, ओढे बुजले, इमारती उठल्या आणि किडेही गेले. पुढच्या पोरांना ती शोधाशोधीची मजा निदान यंत्रात तरी मिळावी, असे त्याला वाटले. त्यानेच या रूप पालटण्याला उत्क्रांती म्हणावे याची मला गंमत वाटते. एका जिवाची त्याच्या आयुष्यात उत्क्रांती होत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट. बेडकाचे पिल्लू शेपूट टाकून जमिनीवर येते किंवा सुरवंटाचे फुलपाखरू होते ते रूपांतर. किडे पाळणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसेल असे नाही, पण खेळाच्या नावात दम हवा असतो.

आमच्या बारामतीत पोकेमॉन आला तो आधी दूरचित्रवाणीवरून. २००३ साली हिंदीत बोलणारा पिकाचू कार्टून नेटवर्कवर आला आणि शाळा सुटल्यावर पोरे घराकडे पळू लागली. पुढे जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला. यात प्राणी मोबाइलमधल्या नकाशावर, खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या चौकांत दिसतात आणि त्यांना पकडायला पायी जावे लागते. भारतात तो रीतसर आला डिसेंबर २०१६ मध्ये, पण पोरांनी आडमार्गाने तो आधीच उतरवून घेतला होता. त्यावरून वादही झाले. देवळाच्या ठिकाणी खेळातली अंडी दिसतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका गेली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने नोटिसा काढल्या.

आमचे चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. मोबाइल माझा, खेळातले खाते माझ्या नावावर, त्यामुळे त्याच्याबरोबर चालणे मला भाग होते. संध्याकाळी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने आम्ही मायलेक निघायचो. पाण्याच्या आसपास पाण्यातले प्राणी जास्त निघतात, हे त्याने आठवडाभरात ताडले होते. पाण्यातले म्हणजे बहुतेक मॅजिकार्पच. या खेळात त्याचा ग्यारडोस करायला चारशे कँडी लागतात. बाकीच्या बऱ्याच प्राण्यांचे पंचवीस, पन्नास, शंभरात काम होते. एक मासा पकडला की तीन कँडी, तो परत पाठवला की आणखी एक. म्हणजे शंभर मासे. नाहीतर त्याला सोबती म्हणून घ्यायचे आणि चालायचे, किलोमीटरला एक कँडी. शाळेत ज्याला साताचा पाढा म्हणता येत नव्हता, त्याने हा हिशेब मला तोंडी करून दाखवला. मार्च २०१७ मध्ये आठवडाभर खेळात पाण्याच्या प्राण्यांचा उत्सव होता. त्या आठवड्यात आम्ही इतके चाललो की माझी एक चप्पल तुटली.

त्याच सुमारास प्रगतिपुस्तक आले. गणितात, इंग्रजीत तांबडी रेघ. वर्गात त्याला मागच्या बाकावर बसवत आणि प्रश्न विचारणेही सोडून दिले होते, हे मला नंतर कळले. त्या संध्याकाळी कालव्यावर तो सहज बोलावे तसा म्हणाला, ‘‘आई, आमच्या वर्गातला मॅजिकार्प मीच.’’

कुठलीही आई अशा वेळी जे म्हणेल ते माझ्या जिभेवर आलेच. अरे, मॅजिकार्पचाच ग्यारडोस होतो ना! पण शब्द ओठांत अडले. खेळातल्या माशाला विसाव्या पातळीचे वचन दिलेले आहे. माझ्या मुलाला तसे वचन मी कुणाच्या भरवशावर देणार? आणि दुसरी गोष्ट त्याहून टोचणारी. ग्यारडोस होईपर्यंतच्या एकोणीस पातळ्या तो मासा कुणाचाच नसतो काय? मी काही बोलले नाही. आम्ही चालत राहिलो आणि त्याने आणखी दोन मासे धरले.

माझे माहेर इंदापूर तालुक्यातले, भीमेकाठचे. उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि आमच्या गावाची जुनी शिवारे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि आमच्या पिढीची माणसे अजूनही तिकडे बघून हात जोडतात. जमीन गेली, पाणी आले आणि पाण्याबरोबर मासे आले. माझ्या धाकट्या भावाने राहिलेल्या रानात शेततळे केले आणि माशांचे बी वाढवण्याचा धंदा धरला. तुकोबांची पालखी इंदापूरहून पुढे सरकली, रस्ते मोकळे झाले, तेव्हा जुलै २०१७ मधल्या एका शनिवारी मी चिरंजीवांना घेऊन माहेरी गेले. मॅजिकार्पच्या तेव्हा ३८८ कँडी झाल्या होत्या.

पोहोचलो तर भावाकडे नुकतेच बी आले होते. प्लॅस्टिकच्या फुगलेल्या पिशव्या, निम्म्यात पाणी, निम्म्यात प्राणवायू. पाण्यात बघावे तर काहीच दिसेना. उजेडासमोर धरल्यावर पापणीच्या केसासारखे काहीतरी वळवळताना दिसले. आमच्याकडे याला मत्स्यजिरे म्हणतात आणि ते खरोखरच जिऱ्याएवढे असते. पंधरा-वीस दिवसांत ते इंचभर झाले की मत्स्यबीज, आणि दोन-अडीच महिन्यांनी बोटाएवढे झाले की बोटुकली.

‘‘मामा, म्हणजे हे दोनदा इव्होल्व्ह होतात?’’ चिरंजीवांनी विचारले.

‘‘काय होत्यात?’’

मग तासभर दोघांची शिकवणी चालली. त्याने मामाला पोकेमॉन सांगितला, मामाने त्याला माशाचे बी सांगितले. कटला, रोहू, मृगळ हे मासे तळ्याच्या उभ्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. म्हणून पूर्वी बी नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादीला दुसऱ्या माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली आणि आज गावोगाव तळ्यांत मासा दिसतो तो त्यामुळे. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात तो याचसाठी. मॅजिकार्पचा खरा भाऊबंद म्हणजे सायप्रिनस. त्याला मात्र टोचावे लागत नाही, तो तळ्यातल्या पाणवनस्पतींना आपली अंडी चिकटवून मोकळा होतो.

पिशव्या लगेच सोडल्या नाहीत. त्या बंदच तळ्यात तरंगत ठेवल्या. ‘‘आतलं पानी अन् भायेरचं पानी एकसारखं गरम झाल्याबिगर सोडायचं नाय. नायतर धक्क्यानं मरत्यात,’’ भाऊ म्हणाला. आदल्या दिवशीच त्याने तळ्यावर साबण आणि तेलाचे मिश्रण मारले होते, कारण पाण्यातले किडे हे जिरे चट्टामट्टा करतात. जे किडे ताजिरीला प्रिय, तेच आमच्या तळ्यात शत्रू. मग शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा कालवून शिंपडायचा, रोज, नेमाने. इतके करूनही निम्म्याहून जास्त जातात.

‘‘यातला मोठा कोण होणार हे कळतं का मामा?’’

‘‘आज? देवालाबी कळायचं नाय. सगळ्यास्नी पेंड टाकायची.’’

‘‘आणि मोठा झाल्यावर काय होतो?’’

‘‘काय व्हायचाय? कटला कटलाच ऱ्हातोय. निस्ता मोठा होतोय. भिगवणला जातोय.’’

मी ओट्यावर शेंगा फोडत हे ऐकत होते. कालव्यावर मला जे सुचले नव्हते, ते माझा सातवी शिकलेला भाऊ माझ्या मुलाकडे न बघता, पेंड कालवता कालवता बोलून गेला. मुलाने ऐकले की नाही ठाऊक नाही. तो पिशवीतले जिरे मोजायच्या खटपटीत होता. ते मोजायला बारीक छिद्रांची वाटी असते. एका वाटीतले मोजायचे आणि वाट्यांनी गुणायचे. तो मोजत होता, चुकत होता आणि पुन्हा मोजत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे भावाने त्याला भिगवणच्या बाजारात नेले. परत आला तो वही भरून. मरळ, वाम, चिलापी, रोहू, मृगळ. २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात केंब्रिजच्या प्राणिशास्त्रज्ञांनी एक पाहणी छापली होती. ब्रिटनमधल्या आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनची चित्रे दाखवली तर ७८ टक्के ओळखता आली, आणि आपल्याच देशातल्या झाडा-प्राण्यांची ५३ टक्के. लोक ही पाहणी पोरांना रागवायला वापरतात. मला तिचा दुसरा अर्थ दिसतो. आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात शेकडो जीव, त्यांची नावे, त्यांचे गुणदोष मावतात. त्याला ते कुणीतरी इतक्याच हौसेने दाखवायला हवेत. भिगवणच्या आडत्याने त्याला चिलापी आफ्रिकेतून आली आणि उजनीत आता तिचेच राज्य आहे असे सांगितले, तेव्हा त्याने ते ताबडतोब वहीत ‘पॉवर’ या रकान्यात लिहिले.

त्याच बाजारात त्याने आणखी एक गोष्ट पाहिली आणि घरी येऊन ती तावातावाने सांगितली. एका कोपऱ्यात करंगळीएवढ्या पिलांचा ढीग होता. उजनीत बारीक आसाच्या जाळ्यांनी, वडापने, अशी मासेमारी चालते. तिला बंदी आहे, कारवाया होतात, बातम्या येतात आणि जाळी पुन्हा पडतात. ज्याला किलोभर व्हायचे असते ते जिरेपणीच किलोवर विकले जाते. ‘‘आई, ही सगळी लेव्हल पाचवरच पकडली,’’ तो म्हणाला. यावर मोठ्या माणसांनी फार काही बोलू नये हे बरे, कारण ज्यांची शिवारे बुडाली त्यांच्या चुलीही त्याच पाण्यावर पेटतात. माझा भाऊही बोलला नाही.

खेळाचे अजून घोडे अडलेच होते. तिकडच्या खेड्यांत नकाशा कोरा. या खेळातली ठाणी आधीच्या एका खेळातून घेतलेली आहेत आणि ती त्या खेळणाऱ्यांनीच सुचवलेली, म्हणजे जिथे मोबाइलवाले जास्त तिथेच ठाणी जास्त. शहरात दर कोपऱ्यावर एक, आणि आमच्या माहेरी मैलोन्‌मैल नुसता करडा रंग. उरलेल्या बारा कँडी चालूनच मिळवायच्या होत्या. शेततळ्यापासून धरणाच्या पाण्यापर्यंत, उसाच्या कडेने, मामा-भाचे दोन दिवस ये-जा करत राहिले. वाटेत मामाने त्याला खोंडाची गोष्ट सांगितली, ती त्याने मला नंतर सांगितली. नवा खोंड एकटा कधी जुंपत नाहीत. शिकलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात, ओढतो तो म्हातारा, चालतो हा. जुन्या खेळात मॅजिकार्पला असेच वाढवतात. झुंजीत आधी त्याला उतरवायचे, लगेच मागे घ्यायचे आणि दुसऱ्या दांडग्याला पुढे करायचे. मिळालेल्या अनुभवात दोघांचा वाटा.

सोमवारी सकाळी, पाण्याच्या कडेला, नेटवर्कच्या एका रेघेवर चारशे कँडी भरल्या. मामा खांद्यावर जाळे टाकून मोबाइलवर वाकला होता. पडदा पांढरा झाला, मासा वळवळला आणि लांबच लांब होत गेला. आणि माझा भाऊ ओरडला, ‘‘आरं, ही तर वाम झाली!’’

बारामतीत आल्यावर झुंजीचा योग आला. जून २०१७ पासून खेळातल्या आखाड्यांचे नियम बदलले होते. आता आखाड्यात ठेवलेल्या प्राण्याची उमेद वेळ जाईल तशी खचते आणि त्याला फळे खाऊ घालून ती टिकवावी लागते. हा नियम कुणी केला असेल तो पोरे वाढवलेला माणूस असणार. बाजारपेठेजवळच्या एका आखाड्यावर कॉलेजच्या मुलांचा ताबा होता. चिरंजीवांनी ग्यारडोस उतरवला. समोर अग्नीचा प्राणी होता, पाण्यापुढे तो टिकला नाही. मागोमाग पिवळा, काटेरी, विजेचा जोल्टिऑन आला आणि ग्यारडोस बघता बघता आडवा झाला. चारशे कँडी, चार महिने, एक चप्पल, आणि झुंज एका मिनिटाची.

बाकावर बसलेला एक कॉलेजचा मुलगा हसत म्हणाला, ‘‘छोट्या, याला विजेपुढे काढायचं नसतं. हा पाण्यातला, वर उडणाराही. याला डबल शॉक बसतो.’’ मी मुलाच्या तोंडाकडे पाहिले. एरवी खेळात हरला की तो मोबाइल आदळायचा. या वेळी नुसती मान हलवली. पाणी आणि वीज एकत्र आली की काय होते, हे मोटारी चालणाऱ्या रानातून आलेल्या पोराला वेगळे सांगावे लागत नाही. त्याने त्या मुलाशेजारी बसून कुणापुढे कोण चालतो याचा तक्ताच उतरवून घेतला.

गणिताचे म्हणाल, तर त्या वर्षी तो जेमतेम पास झाला. ड्रॅगन वगैरे काही झाला नाही. पुढे पदविकेला गेला, आता पुण्यात असतो, चार विषय सुटतात, एक राहतो.

जून २०१८ मध्ये या खेळात प्राण्यांची देवाणघेवाण सुरू झाली. जुन्या खेळात ती पहिल्यापासून होती. दोन यंत्रे तारेने जोडायची आणि आपला प्राणी दुसऱ्याला द्यायचा. त्यातले चार प्राणी तर असे, की ते दुसऱ्याच्या घरी गेल्याशिवाय त्यांचे अखेरचे रूप येतच नाही. सासरी गेल्यावर बहरलेल्या पोरी आपण पाहिल्या आहेत, कोमेजलेल्याही पाहिल्या आहेत. खेळात कोमेजण्याची सोय नाही. पोकेमॉन गोमध्ये तेव्हा देवाणघेवाणीला दोघे जवळ, शंभर मीटरच्या आत असावे लागत. त्या दिवाळीत चिरंजीवांनी माहेरच्या ओट्यावर बसून आपला ग्यारडोस माझ्या भाचीला दिला. तिच्याकडे बदल्यात द्यायला काहीच धड नव्हते. तिने एक मॅजिकार्प दिला. मी त्याला म्हटले, अरे, चार महिने चाललास त्याच्यासाठी. तर म्हणाला, ‘‘मामाच्या तळ्यावरचा आहे ना तो, तिकडंच राहू दे.’’

खेळ अजून चालू आहे. २०२३ साली तो हिंदी बोलू लागला, २०२५ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरच्या व्यवहारात मालक बदलला. खाते माझ्याच मोबाइलवर राहिले आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून, म्हणजे गेल्या दिवाळीपासून, मी भाचीचा तो मासा सोबती म्हणून घेतला आहे आणि रोज कालव्यावर दोन किलोमीटर जाते. परवा भावाचा फोन आला होता, की या पावसाळ्यात जिरे लवकर मागवणार आहे, पोराला सुट्टी असेल तर पाठव, मोजायला माणूस लागतो. ३१६ कँडी झाल्या आहेत.